विश्लेषण : वादळात कामी येणारा हॅम रेडिओ घरातल्या दिव्यापुढे का हरतो?

तौक्ते चक्रीवादळ 16 मे 2021 रोजी सिंधुदुर्ग किनाऱ्याजवळून पुढे सरकले. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात विजेचे खांब कोसळले आणि वीज गेल्याने मोबाइल संपर्कही कोलमडला. अशा वेळी टॉवर, केबल किंवा इंटरनेट न लागणारे साधन म्हणजे हॅम रेडिओ. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर अंदमानातून निरोप पोहोचवण्यात दूरसंचार विभागाचा परवाना घेतलेल्या याच हौशी मंडळींचा मोठा वाटा होता. मात्र अलीकडे हा रेडिओ ऐकणेच कठीण झाले आहे. कारण घरातच आहे.

गोंगाट येतो कुठून?

लांबच्या संपर्कासाठी हॅम लघुलहरी वापरतात. 7 ते 7.2 मेगाहर्ट्झचा पट्टा त्यातला नेहमीचा. दूरवरून आलेला संदेश अँटेनापर्यंत पोहोचतो तेव्हा अनेकदा जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा उरतो. दुसरीकडे एलईडी दिवा, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर यांच्या आतले सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. त्यातून उठणारे तरंग लघुलहरींपर्यंत पसरतात. ते रोखणारा फिल्टर स्वस्त वस्तूंत बऱ्याचदा गाळलेला असतो. मग घरातले वायरिंगच अँटेना बनते. दिव्यावरचे स्टार लेबल वीज किती वाचते ते सांगते, रेडिओला त्रास किती होईल ते नाही.

हा त्रास किती मोठा? रेडिओवरच्या एस-मीटरचा प्रत्येक अंक 6 डेसिबलचा, म्हणजे शक्ती चौपट. गोंगाट 4 वरून 7 वर गेला, तर पलीकडच्याला तेवढेच स्पष्ट ऐकू येण्यासाठी 64 पट शक्ती लावावी लागेल. 100 वॅटऐवजी 6,400 वॅट! भारतात सर्वसाधारण श्रेणीच्या परवान्याची कमाल मर्यादाच 400 वॅट आहे. थोडक्यात, बोलणाऱ्याची ताकद वाढवून हा प्रश्न सुटत नाही. उपाय ऐकणाऱ्यालाच करावा लागतो.

किनाऱ्यावर वेगळे काय?

खारे पाणी जमिनीपेक्षा कितीतरी चांगले वीजवाहक असते. त्यामुळे पुळणीवर उभ्या केलेल्या अँटेनाचे तरंग क्षितिजालगत दूरवर जातात. या बाबतीत तारकर्ली-देवबागसारखी जागा शोधून सापडणार नाही. पण तेच मीठ वाऱ्यासोबत खांबांवरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसते. हवा दमट झाली की त्यावरून बारीक ठिणग्या उडतात आणि रेडिओवर सलग करकर ऐकू येते. जोराच्या पावसाने मीठ धुऊन गेले की करकर कमी होते. त्यातच देवबाग म्हणजे समुद्र आणि कर्ली नदी यांमधली चिंचोळी पट्टी. तिथे विजेच्या तारांपासून लांब जायचे तरी कुठे?

शोध कसा घ्यायचा?

रेडिओ 12 व्होल्टच्या बॅटरीवर लावून घराचा मेन स्विच बंद करायचा. गोंगाट थांबला तर दोषी घरातच आहे. मग एकेक स्विच चालू करत तो गाठायचा. थांबला नाही तर मध्यम लहरींचा छोटा ट्रान्झिस्टर घेऊन रस्त्याने फिरायचे. करकर सर्वांत मोठी होईल त्या खांबाचा क्रमांक महावितरणला कळवणे उपयोगी. केवळ ‘रेडिओ नीट लागत नाही’ अशा तक्रारीवर कोण शिडी लावणार?

घरातला स्रोत सापडला की तो चार्जर बदलणे, किंवा त्याची वायर फेराइटच्या कड्यातून अनेक वेढे देऊन घेणे, हे स्वस्त उपाय. पण सर्वाधिक फरक अँटेनाच्या जागेने पडतो. अनेकांची अँटेना गच्चीवर, म्हणजे थेट वायरिंगच्या डोक्यावर असते. ती घरापासून दूर माडाला बांधली आणि केबल घरात शिरते तिथे फेराइटचा चोक लावला, तर महागड्या रेडिओपेक्षा जास्त ऐकू येते. जागा नसेल तर छोटी लूप अँटेना घ्यावी. ती फिरवून जवळच्या एखाद्या स्रोताचा गोंगाट बराच दाबता येतो.

वादळात वीज गेली की गोंगाटही जातो, मग चिंता कशाला? कारण मदत केंद्र जनरेटर, इन्व्हर्टर आणि एलईडी दिव्यांवर चालते. तीच करकर पुन्हा सुरू होते, तीही रेडिओच्या शेजारीच. म्हणून केंद्रातला हॅमचा संच थेट बॅटरीवर, जनरेटरपासून लांबच्या खोलीत हवा. बॅटरी सौर पॅनलवर चार्ज होत असेल, तर ऐकताना चार्ज कंट्रोलर तेवढ्यापुरता बंद ठेवावा. तोही गोंगाट करतो.