हरवलेल्या बहिणीला एकट्या बहिणीनेच का शोधायचे?

वस्तीतली तरुण मुलगी नाहीशी झाली की पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येतो, "कुणाबरोबर पळाली?" मुलगी सज्ञान असेल तर 'मिसिंग'ची नोंद होते आणि कागद तिथेच पडून राहतो. बाप मजुरीवर, भाऊ लाजेने गप्प. शेवटी मोठी बहीण फोटो घेऊन कामाठीपुऱ्यात, बुधवार पेठेत, गंगाजमुनेत फिरते. दलाल तिच्यावर नजर ठेवतो, पोलीस तिलाच धंद्यातली समजतो आणि सासरचे विचारतात, "तू तिथे जातेसच कशाला?"

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हा एका घराचा खासगी प्रश्न नाही. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांच्या व्यापारावर बंदी घातली आहे. म्हणजे तिला शोधणे हे शासनाचे काम आहे.

पण ते करून घ्यावे लागते. तक्रारीत नुसते 'हरवली' लिहू नका. नोकरीचे आमिष कुणी दाखवले, शेवटचा फोन कुठून आला, सोबत कोण होते, हे सगळे लिहा. त्यातून तस्करीचा गुन्हा दिसत असेल तर २०१३ च्या ललिता कुमारी निकालानुसार एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खालील तस्करीची माहिती नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्याला कलम १९९ नुसार सहा महिने ते दोन वर्षे सश्रम कारावास होऊ शकतो. मुलगी अठराच्या आतली असेल तर अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच तपास सुरू झाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले आहे. ठाण्यात हे ठणकावून सांगायला त्या बहिणीसोबत चार कार्यकर्ते का नसतात?

दुसरी गोष्ट. त्या गल्लीत नवी मुलगी कधी आली, कुठल्या घरवालीकडे आहे, हे तिथल्या बायकांनाच आधी कळते. पण सरसकट धाडी पडल्या की त्यांची तोंडे बंद होतात. २०२१ मध्ये पोलिसांनी नागपूरची गंगाजमुना वस्ती बंद केली. वस्ती बंद केल्याने धंदा संपत नाही. तो लॉजवर, फ्लॅटमध्ये, मोबाईलवर जातो. मग फोटो घेऊन निघालेल्या बहिणीने कुठल्या दारात उभे राहायचे? मर्जीने हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान स्त्रियांना त्रास देऊ नका, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले. त्यांचा सन्मान राखला तरच फसवून आणलेल्या मुलीचा माग लागतो.

आणि आपण? १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब देवदासी, मुरळ्या, जोगतिणींशी समोरासमोर बोलले. तो धंदा सोडा, असे त्यांनी कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांना सांगितले. त्यांच्या या भूमिकेवर आज वाद होऊ शकतो, व्हावाही. पण त्या स्त्रिया आपल्या कुणी नाहीतच, असे त्यांनी मानले नाही. आपल्या सभांमध्ये मात्र हा विषय निघाला की माना खाली जातात. देवाच्या नावाने सोडलेल्या मुली कुठल्या जातींच्या होत्या, हे ठाऊक असूनही!

मुलगी सापडल्यावरही प्रश्न संपत नाही. सुटका झालेल्या स्त्रीला घरी पाठवण्याआधी दंडाधिकारी घरची चौकशी करवतात. त्या वेळी घरचेच "आमची कुणी नाही" म्हणाले, तर ती सुधारगृहातून बाहेर पडून जाणार कुठे?

म्हणून प्रत्येक तालुक्यात आपली एक शोध समिती हवी. त्यात एक वकील, दोन महिला कार्यकर्त्या आणि परतलेल्या मुलीसाठी दार उघडे ठेवणारे किमान एक घर असावे. जयंतीच्या वर्गणीतला काही हिस्सा यासाठी बाजूला काढा. पुढच्या बैठकीत हा ठराव कोण मांडणार, ते आजच ठरवा.

जय भीम!