वाणीची लय आणि आपली घाई

वाक्प्रवृत्ती हे उदान वायूचे कर्म होय, हे आपण विद्यार्थिदशेपासून शिकत आलो. वाणी ही गती आहे, हे आपणांस नवे नाही. त्या गतीला लय असते, यावर अलीकडे मेंदूविज्ञानाने बराच प्रकाश टाकला आहे.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊ भाषांतील बोलणे मोजले गेले. आवाजाचा चढउतार बोलण्यात सेकंदाला सुमारे पाच वेळा, तर संगीतात सुमारे दोन वेळा होतो, असे आढळले. पहिला वेग साधारणतः अक्षरोच्चाराचा आहे. मेंदूतील थीटा तरंगांची गतीही सेकंदाला चार ते आठ असते आणि बोलणे ऐकताना श्रवणकेंद्रातील तरंग त्या लयीशी जुळतात. मेंदूची मूळची लय जुळवून घेते, की प्रत्येक अक्षरागणिक नवा प्रतिसाद उमटतो, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत.

अशा वेळी ‘हे तरंग म्हणजेच वात’ असे घोषित करण्याचा मोह होतो. आम्हांस तो मान्य नाही. वाताचे अनुमान आपण सर्व शरीरातील त्याच्या कर्मांवरून करतो. तरंग हा यंत्राने मोजलेला विद्युद्भेद आहे. उद्या विज्ञानाने आपले मत बदलले, तर वातही बदलला असे आपण म्हणणार काय?

त्यापेक्षा रुग्णाकडे पाहावे. पक्षाघातानंतर शब्द न फुटणारा रुग्ण कधीकधी ओळखीची आरती म्हणू शकतो. याच अनुभवावर आधारलेली, वाक्ये सुरात व हाताच्या ठेक्यावर म्हणवून घेण्याची पद्धती अमेरिकेत १९७३ पासून ज्ञात आहे. २०११ मध्ये जर्मनीतील सतरा रुग्णांच्या अभ्यासात सुरापेक्षा लयच अधिक उपयुक्त ठरली. कंपवाताच्या अनेक रुग्णांची पावलेही नियमित ठेक्यावर सुधारतात.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे : नुकताच पक्षाघात झालेला रुग्ण क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात पाठवावा. पुढे आपल्या चिकित्सेच्या जोडीने, वाचाउपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने, ठेक्यावरचा अभ्यास करवून घ्यावा. पहिल्या दिवशी किती शब्द आले व महिन्यानंतर किती, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवावे. लाभ न झाल्यास तेही लिहावे. त्या नऊ भाषांत मराठी नव्हती. मराठी रुग्णाची वाणी कोणत्या लयीने परतते, हे आपल्या नोंदवह्यांतून दिसू शकेल. साम्याच्या घोषणांपेक्षा अशी एक वही शास्त्राची अधिक सेवा करील, असे आम्हांस वाटते.