'शुअर टिप' नावाची थाप

पुण्याच्या पावसाळी रेस सुरू झाल्या की आमच्याकडे टपरीवर टिप्स फिरायला लागतात. हल्ली त्यात इंग्लंडमधल्या लिंगफील्ड, वुल्व्हरहॅम्प्टनच्या 'ऑल-वेदर' रेसचीही भर पडलीय.

तिथला ट्रॅक वाळू, सिंथेटिक धागे आणि मेणाचा. पाऊस असो की थंडी, फारसा बदलत नाही. म्हणून घोड्याची त्याच ट्रॅकवरची कामगिरी, अंतर, वजन आणि सुटतानाची जागा बघून अंदाज बांधतात. पुण्यात मात्र गवत भिजलं की मुंबईच्या कोरड्या ट्रॅकवरचा हिरोही मागं पडू शकतो.

एवढं बघूनही फेव्हरिट घोडा साधारण तीनात एकदाच जिंकतो! सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये रेसला कौशल्याचा खेळ म्हटलं, मान्य. पण कौशल्य म्हणजे खात्री नव्हे. त्यात सप्टेंबर 2025 पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर 40 टक्के जीएसटी.

माझी टिप एकच. आवड असेल तर रेस बघा, अंदाज वहीत लिहा, जमतात का तपासा. पण ज्याला विजेता नक्की ठाऊक आहे, तो पाचशे रुपयांत टिप कशाला विकेल? स्वतःच लावेल की! पोरांनो, पगार घरी न्या.