इंडिया गेटपुढचा फोटो

गावाकडून आजी-आजोबा दिल्लीला आले की संध्याकाळी इंडिया गेटला एक चक्कर ठरलेलीच. दिव्यांनी उजळलेल्या कमानीपुढे सगळ्यांचा फोटो निघतो. घरी येऊन पाहावे, तर चेहरे पांढरेफटक आणि कमान काळोखात गडप! दोष कॅमेऱ्याचा नसतो. छोट्या फ्लॅशचा उजेड जेमतेम 3-4 मीटर पोहोचतो. मागची 42 मीटर उंच कमान तो कशी उजळणार? अशा वेळी डिजिटल कॅमेऱ्यावर ‘नाइट पोर्ट्रेट’ निवडावे. फ्लॅश चेहरे उजळतो आणि शटर जास्त वेळ उघडे राहिल्याने मागचे दिवेही फोटोत येतात. कॅमेरा एखाद्या कठड्यावर टेकवावा. फ्लॅश चमकून गेल्यावरही क्षणभर कुणी हलू नये.

डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात मात्र फ्लॅश बंद ठेवून दिव्याच्या उजेडात उभे राहावे. धुक्याचे थेंब फ्लॅशचा उजेड परतवतात आणि फोटोभर पांढरे ठिपके उमटतात. आजोबांच्या चष्म्यात फ्लॅश चमकत असेल, तर त्यांना मान किंचित वळवायला सांगावे. फोटो तिथेच मोठा करून तपासावा. आजी-आजोबांचे दिल्लीला येणे काही रोज होत नाही.