घाट उतरण्यापूर्वी...

मुंबईकडे निघालेली गाडी इगतपुरी स्थानकात थांबते, तेव्हा प्रवाशाला चहा-वडा आठवतो. रेल्वेच्या दृष्टीने मात्र तो थांबा ब्रेकच्या परीक्षेचा असतो. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे धावू लागली. सदतीस फुटांमागे एक फूट असा हा उतार. घाट उतरण्यापूर्वी ब्रेकची खात्री करून घ्यायची, ही येथील शिस्त. इंजिन नवे की जुने, डबे कोणत्या साली बांधले, याचा विचार त्यात नसतो. गाडी थांबविता येईल की नाही, एवढाच प्रश्न असतो.

त्याच डोंगराच्या अंगावरून मुंबई-आग्रा महामार्गाचा कसारा घाट उतरतो. तेथे हा प्रश्न कोणीही विचारीत नाही. ‘ब्रेक निकामी झाल्याने कंटेनर दरीत’ अशी बातमी आली की आपण हळहळतो आणि दोष दैवाला देतो. वस्तुतः ब्रेक अकस्मात निकामी होत नाहीत. ते आधीपासून निकामी होत आलेले असतात. ब्रेकचे काम म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणे. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला की ड्रम तापतो, झिजलेल्या लायनिंगची पकड सुटते. ब्रेक ऑइल वर्षानुवर्षे बदललेले नसेल तर त्याने हवेतील ओलावा शोषलेला असतो. तापताच त्यात वाफ धरते आणि पेडल रिकामे खाली जाते. सपाट रस्त्यावर झाकलेला हा दोष घाट उघडा पाडतो.

टायरचेही तसेच. गाडी महिनोन्‌महिने उभी असली तरी रबर वयाने कडक होते, त्याला चिरा पडतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. किती कुटुंबप्रमुखांनी ते कधी वाचले असतील? शिवाय मोटारींना एबीएस आणि चालकापुढील एअरबॅग सरसकट सक्तीची झाली ती २०१९ मध्ये. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत हे संरक्षण मुळातच नाही.

कायदा काय सांगतो? व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची. तोवर तिची सक्तीची तपासणी म्हणजे केवळ पीयूसी. ती धूर मोजते, ब्रेक नव्हे! ब्रिटनने १९६० साली दहा वर्षांच्या वाहनांपासून सक्तीची तपासणी सुरू केली आणि १९६७ पर्यंत ती मर्यादा तीन वर्षांवर आणली. जपानमध्ये नव्या मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. आपण पंधरा वर्षे कशाची वाट पाहतो?

जुने ते सारे मोडीत काढा, असा येथे आग्रह नाही. इगतपुरी-घोटी परिसरात जुनी जीप किंवा टेम्पो हीच एखाद्या घराची भाकरी असते. नीट राखलेले बारा वर्षांचे वाहन हेळसांड झालेल्या पाच वर्षांच्या वाहनाहून सुरक्षित असू शकते. म्हणूनच कसोटी वयाची नव्हे, प्रकृतीची हवी. मात्र वय वाढेल तशी ती अधिक वारंवार हवी.

आणि ती खरी हवी. वाहन न चालविताच प्रमाणपत्र देण्याची प्रथा हा समाजाचा विश्वासघात होता. ब्रेक चाचणीसाठी अडीचशे मीटरचा मार्ग असावा, यासाठी मुंबई उच्च न्यायालयाला शासनाचे कान धरावे लागले. यंत्राद्वारे तपासणी करणारी केंद्रे हा त्यावरील योग्य उपाय आहे. यंत्राला ओळखपाळख नसते. २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धी महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर गुळगुळीत टायरची वाहने परत पाठविली, हेही स्वागतार्ह होते. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाट टाळता येऊ लागला. पण वेगवान रस्ता जुन्या टायरला क्षमा करीत नाही आणि कसारा घाटातील वाहतूकही संपलेली नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी लक्षावधी भाविकांचा मार्ग या घाटातून जातो. ठाणे आणि नाशिक जिल्हा प्रशासनाने घाटाच्या दोन्ही टोकांना अवजड वाहनांच्या ब्रेक-टायर तपासणीचे कायमस्वरूपी नाके उभारावेत. खासगी मोटारींची पहिली तपासणी पाचव्या वर्षी सक्तीची करावी.

शासन करील तेव्हा करील. घरातील गाडी आपल्या हाती आहे. दसऱ्याला आपण वाहनाला झेंडूचा हार घालतो, घाटनदेवीपुढे क्षणभर थांबून हात जोडतो. ही कृतज्ञतेची परंपरा सुंदरच आहे. परंतु ज्या साधनाची पूजा करायची ते सुस्थितीत राखणे हा त्या पूजेचाच भाग होय. या दसऱ्याला हार घालण्यापूर्वी गाडी मेकॅनिककडे न्यावी, ब्रेक उघडून पाहावेत आणि टायरवरील ते चार आकडे वाचावेत.