परवान्याची बंदूक आणि सरसकट संशय

डिसेंबर 1948 च्या आरंभी घटनासमितीत मूलभूत हक्कांच्या कलमावर चर्चा चालू असताना हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला राज्यघटनेनेच द्यावा अशी दुरुस्ती मांडली, तेव्हा त्या दुरुस्तीच्या पाठीशी काँग्रेसच्या कराची अधिवेशनाचा 1931 चा ठराव होता. ज्या देशाला लॉर्ड लिटनच्या 1878 च्या कायद्याने निःशस्त्र केले, ज्या कायद्यातून युरोपीय लोकांना मात्र मोकळीक होती, आणि ब्रिटिश अंमलाच्या दुष्कृत्यांत इतिहास ज्या कायद्याला सर्वांत काळे ठरवील असे गांधीजींनी 1918 मध्ये लिहिले, त्या देशाच्या प्रतिनिधीने ही मागणी करावी हे स्वाभाविकच होते. डॉ. आंबेडकरांनी तरीही ती स्वीकारली नाही. शस्त्र बाळगण्याच्या व्यक्तीच्या हक्कापेक्षा राष्ट्रावरील संकटात शस्त्र धारण करण्याचे तिचे कर्तव्य मोठे आहे, आणि असा हक्क सर्वांना दिल्यास तो चोर-दरोडेखोरांनाही मिळेल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. अमेरिकेने 1791 मध्ये जो हक्क आपल्या घटनेत कोरून ठेवला तो आपण नाकारला, आणि तो नकार मला आजही सर्वथा उचित वाटतो.

परंतु हक्क नाकारून परवान्याची पद्धती पत्करताना राज्याने स्वतःवरही एक बंधन घालून घेतले आहे. मागणारा इसम कोण, त्याची गरज कोणती, त्याची वर्तणूक कशी, याची खातरजमा माणसागणिक करावयाची, आणि ती एकदा झाल्यावर सबळ कारण असल्याखेरीज त्या माणसावर अविश्वास दाखवावयाचा नाही, हे ते बंधन होय. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे तेरावे कलम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. पिकाच्या प्रामाणिक रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असे ते सांगते, आणि तेवढ्याने भागणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास वीस इंचांहून आखूड नसलेल्या नळीच्या, आतून गुळगुळीत अशा दुसऱ्या बंदुकीचीही मुभा ठेवते. वर्षाकाठी किती काडतुसे घ्यावयाची आणि एका वेळी किती जवळ ठेवावयाची, हेही परवान्यावर नमूद असते. म्हणजे शेतकऱ्याच्या दाराआडची बंदूक ही कायद्याच्या नजरेतून निसटलेली वस्तू नसून कायद्याने मोजूनमापून त्याच्या हाती दिलेली वस्तू आहे.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या वाड्यांवर ही शेतीसंरक्षणाची बंदूक घरोघरी दिसत नसली तरी अपूर्वाईची नाही. वानरांची टोळी काजूच्या बागेत उतरली किंवा रानडुकरे भाताच्या शेतात शिरली की एक बार काढावा आणि त्या आवाजाने जनावरे पांगावीत, एवढाच तिचा बहुतेक वेळा उपयोग असतो. बंदुकीचा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची परवानगी नव्हे, तिच्यासाठी 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळा हुकूम लागतो, हे तिथला जाणता शेतकरी ओळखून असतो. आता 2024 सालाचे उदाहरण घ्या. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागू झाली, रत्नागिरी-सिंधुदुर्गात मतदान 7 मे रोजी झाले आणि निकाल 4 जूनला लागला. आंबा आणि काजू हाती येण्याचा काळ नेमका हाच. पुढे विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला आली, ती भात कापणीच्या ऐन दिवसांत. निवडणूक आली की परवानाधारकांनी शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावीत असा हुकूम निघतो, आणि ज्याच्यावर उभ्या जन्मात एकही गुन्हा नाही असा साठीचा माणूस, रानडुकरांना मोकळे रान ठेवून, आपली बंदूक आणि परवाना घेऊन ठाण्याची वाट धरतो.

हे कायद्याला धरून आहे काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2009 मध्येच स्पष्ट केले आहे की शस्त्रजमेचा हुकूम सरसकट काढता येणार नाही. परवान्यांची छाननी करणाऱ्या समितीने प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करावा, जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा पूर्वेतिहास असलेले, निवडणुकीत दंगल माजवलेले अशांकडे विशेष लक्ष पुरवावे. निवडणूक आयोगाच्या सूचनाही याच धर्तीच्या आहेत. तथापि एकेक दप्तर उघडून पाहण्यापेक्षा सर्वांनाच एक नोटीस धाडणे सोपे असते, आणि या सोयीपोटी न्यायालयाने सांगितलेला विवेक अनेक ठिकाणी कागदावरच राहतो.

शस्त्रनियमन शिथिल करावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनांवरून दोनांवर आणली, आणि वरातीत गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही ठेवले, हे योग्यच झाले. त्याच कायद्याने नेमबाजांना या मर्यादेतून सूट दिली, तीही योग्य. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते अशा विश्वासाच्या आधारावरच शक्य होते. नेमबाजाची पात्रता तपासून राज्य त्याच्यावर विश्वास टाकते, तर ज्याची पात्रता त्याच राज्याने तपासली आहे त्या शेतकऱ्याबाबत निराळा न्याय का असावा? निवडणुकीतली खरी भीती गावठी कट्ट्याची आहे, आणि कट्टा बाळगणारा तो जमा करण्यासाठी ठाण्यात कधीच येत नाही. पोलिसांचे जे मनुष्यबळ निरुपद्रवी बंदुकांच्या पावत्या फाडण्यात खर्च होते ते बेकायदा शस्त्रांच्या शोधाकडे वळवले, तर मतदाराची सुरक्षितता खचित वाढेल.

म्हणून जिल्हा प्रशासनाला आग्रहाची विनंती आहे की छाननी समितीची बैठक आचारसंहितेची वाट न पाहता हंगामापूर्वीच घ्यावी, ज्यांच्याविरुद्ध काही नोंद आहे त्यांनाच कारणासह लेखी नोटीस द्यावी, आणि 2016 च्या नियमांनी सांगितलेले शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध करावे. शेतकऱ्यांनीही सरसकट नोटीस आल्यास 2009 च्या त्या निकालाचा हवाला देऊन आपल्या प्रकरणाचा स्वतंत्र विचार व्हावा असा लेखी अर्ज करावा.