इनकमिंग कॉलवरचा पथकर

दसरा उलटला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडू लागतात. अहमदपूर तालुक्यातील ज्या खेड्यात माझे अधूनमधून जाणे असते, तेथील एका विधवा बाईंचा मुलगा आणि सून अशाच एका टोळीत कोयता घेऊन गेले. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची होती, म्हणून दोन नातवंडे आजीपाशी ठेवून ते पश्चिम महाराष्ट्रातील एका कारखान्याच्या हद्दीत जाऊन राहिले. जाताना मुलाने आईला बटणांचा एक साधा फोन घेऊन दिला. त्यावरून कोणाला फोन लावणे तिला जमत नव्हते आणि तशी गरजही नव्हती. मुलाचा फोन आला की हिरवे बटण दाबायचे, एवढेच तिला ठाऊक. हंगाम भरात असताना मोळी ट्रॉलीवर चढवताना मुलगा घसरून पडला आणि त्याचा पाय मोडला. त्याने आईला फोन लावला, तेव्हा या क्रमांकावरील इनकमिंग सेवा बंद आहे, असे उत्तर ऐकू आले. आईच्या रिचार्जची मुदत संपली होती. तिला ही बातमी कळली ती चौथ्या दिवशी, किराणा दुकानदाराच्या फोनवर.

फोन करणारा मुलगा होता आणि त्याने आपल्या रिचार्जचे पैसे भरलेले होते. आईला केवळ ऐकायचे होते. मग दार बंद झाले ते कोणत्या न्यायाने? हा प्रश्न एका बाईपुरता नाही, म्हणून त्याचा अर्थशास्त्रीय दृष्टीने विचार करणे अगत्याचे आहे.

निरोपाचे पैसे कोणी द्यायचे, हा वाद जुना आहे. इंग्लंडात 1840 पूर्वी टपालाचा खर्च बहुधा पत्र घेणाराच देत असे. गरिबाच्या दारी आलेले पत्र पैशाअभावी परत जाई. 1840 साली पाठवणाऱ्याने आगाऊ एक पेनी भरावी, अशी व्यवस्था आली. आपल्याकडे 1854 साली अंतर कितीही असो, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा हा एकच दर झाला. तिकीट न लावता टाकलेले ‘नॉटपेड’ पत्र मात्र घेणाऱ्याला दंड भरून सोडवावे लागे. जुन्या पिढीतील वाचकांना ही अडचण आठवत असेल.

मोबाइल सेवा 31 जुलै 1995 रोजी सुरू झाली, तेव्हा आपण या नॉटपेड युगातच परत गेलो होतो. गर्दीच्या वेळी मिनिटाला 16 रुपये 80 पैशांपर्यंत दर होता आणि आलेला फोन घेतला तरी पैसे पडत. ही रीत 1 मे 2003 पासून बदलली. फोन करणाऱ्याने पैसे द्यावेत, घेणाऱ्याने देऊ नयेत, हे तत्त्व दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या व्यवस्थेने रूढ केले. रिक्षावाला, गवंडी, भाजीवाली यांच्या हाती मोबाइल आला तो त्यानंतर, हे विसरता कामा नये. 2005 च्या अखेरीस कंपन्यांनी ‘लाइफटाइम’ योजना काढल्या. 999 रुपये एकदा भरा आणि जन्मभर इनकमिंग मोफत घ्या, अशी त्यांची जाहिरात होती.

हा जन्म तेरा वर्षांचाच निघाला. 2018 च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया या कंपन्यांनी फोन चालू ठेवण्यासाठी दर 28 दिवसांना किमान 35 रुपयांचा रिचार्ज सक्तीचा केला. खात्यात पैसे शिल्लक असलेल्या ग्राहकांची सेवा तडकाफडकी तोडू नका, असे नोव्हेंबर 2018 मध्ये प्राधिकरणाने त्यांना बजावले. परंतु सक्तीच्या मुळाला हात लावला नाही. त्या 35 रुपयांची पायरी पुढे चढतच गेली. जुलै 2024 च्या दरवाढीत याच दोन कंपन्यांचा 28 दिवसांचा प्राथमिक प्लॅन 179 वरून 199 रुपयांवर गेला. त्यात अमर्याद बोलणे आणि थोडा इंटरनेट आहे, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या आजीला फक्त फोन घ्यायचा आहे, तिला या दोहोंचा उपयोग काय? भाकरी हवी असणाऱ्याला पंगतीचे ताट घेण्याची सक्ती करून ताटाच्या स्वस्ताईचे गोडवे गाण्यातला हा प्रकार आहे.

हिशेब अगदी साधा आहे. महिना 28 दिवसांचा धरला की वर्षाचे तेरा महिने होतात. 199 रुपयांप्रमाणे 2587 रुपये भरावे लागतात. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान 2023 साली महिना 1500 रुपये झाले, म्हणजे वर्षाला 18000. निराधार विधवेने आपल्या अनुदानाचा सुमारे सातवा हिस्सा फोन जिवंत ठेवण्यात घालावा, असा याचा अर्थ होतो.

कंपन्यांचा युक्तिवाद असा की, फुकट काहीच नसते. टॉवर, वीज, स्पेक्ट्रम, कर्जाचे व्याज यांचा खर्च आहे. जो ग्राहक महिनोन्महिने पैसा देत नाही, त्याचा भार इतरांनी का वाहावा? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 2019 च्या अखेरच्या सर्वोच्च न्यायालयीन निकालानंतर थकबाकीच्या ओझ्याखाली व्होडाफोन-आयडियाची काय अवस्था झाली, ते आपण पाहिले आहे. तथापि येणारा फोन पोहोचवण्याचा खर्च किती, याचे उत्तर नियामकानेच देऊन ठेवले आहे. एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे पोहोचला की पहिलीने दुसरीला जो आकार द्यायचा, तो 2009 साली मिनिटाला 20 पैसे, 2015 साली 14 पैसे आणि ऑक्टोबर 2017 पासून 6 पैसे झाला. 1 जानेवारी 2021 पासून तो शून्य आहे. म्हणजे फोन पोहोचवल्याबद्दल एक भांडवलदार दुसऱ्याकडून एक पैसाही घेत नाही, आणि तोच फोन ऐकणाऱ्या म्हातारीकडून मात्र 28 दिवसांना 199 रुपये मागितले जातात. स्थिर खर्च खराच आहे. पण टॉवर त्या बाईसाठी उभारलेला नाही, आणि तिने फोन बंद केल्याने तो खर्च रुपयानेही कमी होत नाही. शिवाय तिचा मुलगा जे पैसे भरतो, ते तिच्याशी बोलता यावे म्हणूनच भरतो. ऐकणारेच उरले नाहीत, तर बोलण्याची किंमत कोण देईल?

2018 पासून आणखी एक गोष्ट बदलली आहे, आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. मोबाइल क्रमांक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शासनाने त्याला नागरिकाच्या पत्त्याची जागा दिली आहे. बँकेच्या व्यवहाराला ओटीपी लागतो, किसान सन्मान निधीच्या ई-केवायसीला लागतो, 2025 साली लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीलाही लागला. तो संदेश त्याच क्रमांकावर येतो. 90 दिवस वापर नसलेला क्रमांक रद्द होऊन पुढे दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. बँकेच्या दप्तरी मात्र जुनीच नोंद राहते. 20 रुपये शिल्लक ठेवल्यास क्रमांक रद्द होऊ नये, अशी तरतूद 2013 पासून आहे. पण प्लॅनची मुदत संपलेली असेल तर क्रमांक जिवंत असूनही बहिरा. एका हाताने शासनाने फोन सक्तीचा करायचा आणि दुसऱ्या हाताने त्याची किंमत बाजारावर सोपवायची, याला धोरण म्हणता येत नाही. हा सरकारी कामासाठी खासगी नाक्यावर भरावा लागणारा पथकर आहे.

प्राधिकरणाला याची जाणीव नाही, असे नाही. डिसेंबर 2024 मध्ये त्याने इंटरनेटविना केवळ बोलणे आणि संदेश यांचे प्लॅन देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आणि मुदतीची मर्यादा 365 दिवसांपर्यंत वाढवली. हे पाऊल स्वागतार्ह होते. पण दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांनाच राहिली. त्यांनी जानेवारी 2025 मध्ये 84 दिवसांना साडेचारशे रुपयांच्या आसपास आणि वर्षाला साडेसतराशे ते साडेअठराशे रुपयांच्या घरात प्लॅन आणले. ज्याच्या हाती एकरकमी अठराशे रुपये कधी येतच नाहीत, त्याला वर्षाच्या प्लॅनची बचत कशी घडणार? गरीब माणूस मीठही पुडीने घेतो आणि म्हणून महाग घेतो, हा बाजाराचा जुना नियम येथेही लागू पडतो.

तेव्हा आपली मागणी नेमकी असली पाहिजे. प्रत्येक प्रौढ व्यक्तीच्या नावावरील एका क्रमांकाला, शेवटच्या रिचार्जपासून निदान एक वर्ष, येणारे फोन आणि संदेश विनामूल्य व अमर्याद मिळावेत. एकच क्रमांक म्हटल्याने चार-चार सिमकार्डे फुकट बाळगण्याची पळवाट राहत नाही. दारिद्र्याचा दाखला मात्र मागू नये. तो मिळवण्यासाठी तहसीलला घालाव्या लागणाऱ्या हेलपाट्यांत रिचार्जहून अधिक पैसे जातात. कंपन्यांना खरोखर तोटा होत असेल, तर त्यांनी हिशेब उघड्यावर मांडावा आणि तो डिजिटल भारत निधीतून भरून द्यावा. 2002 पासून कंपन्यांच्या महसुलातून पाच टक्के आकारणी करून उभा राहिलेला सार्वत्रिक सेवा निधीच 2023 च्या कायद्याने या नावाचा झाला आहे आणि तो वंचितांपर्यंत सेवा नेण्यासाठीच आहे. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतही 1985 पासून गरीब कुटुंबांच्या टेलिफोन बिलात ‘लाइफलाइन’ नावाची सवलत दिली जाते. मग आपल्यालाच हे अशक्य का वाटावे? आणि भारत संचार निगम ही जनतेची मालमत्ता आहे. तिने ही वाट प्रथम चालून दाखवावी, म्हणजे खासगी कंपन्यांना सबब उरणार नाही.

कार्यकर्त्यांनी या मागणीचे काम आपल्या गावापासून सुरू करावे. गळीत हंगाम सुरू झाला की मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची घरे फिरावीत. किती फोन बंद पडले, किती जणांचे अनुदान ओटीपीवाचून अडले, याची नोंद करावी आणि ती प्राधिकरणाकडे व आपल्या खासदारांकडे धाडावी. ज्या बाईंची हकिकत आरंभी सांगितली, त्यांच्या फोनचा रिचार्ज आता तो किराणा दुकानदार उधारीवर करतो. एक गरीब माणूस दुसऱ्या गरिबाचे दार उघडे ठेवतो आहे. हे काम त्याचे नव्हते.